गाय मारायची नाही हे ठरलं ना, मग तिच्या टीबीचं काय करायचं तेही ठरवा

गायींवर रोगाचे प्रयोग करायचे असं नुसतं म्हटलं तरी आपल्याकडे लोक अंगावर धावून येतात, आणि मला ते समजतं, कारण मी ज्या घरात वाढलो तिथे पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी दिल्याशिवाय कुणाला ताटावर बसायला मिळायचं नाही. तरीही मला आज हेच मांडायचंय की जनावरांच्या क्षयावर, म्हणजे ज्याला बोवाइन टीबी म्हणतात त्यावर, महाराष्ट्रात असे प्रयोग झाले पाहिजेत, सरकारी पैशातून झाले पाहिजेत, आणि उघडपणे, लोकांना सांगून झाले पाहिजेत. गायीवर प्रेम असणाऱ्यांनी तर ही मागणी सगळ्यात आधी करायला पाहिजे. आणि मी हे म्हणतोय ते आपण स्वतः केलेल्या एका कायद्यामुळे म्हणतोय.

आधी बाहेर हा रोग कसा आटोक्यात आणला ते बघू. पद्धत सोपी आणि निर्दय आहे. गायीच्या मानेवरचे थोडे केस कापायचे, कॅलिपरने कातडीची घडी धरून जाडी मोजायची, कातडीच्या आतल्या आत ट्यूबरक्युलिनचा, म्हणजे टीबीच्या जंतूपासून काढलेल्या प्रोटीनचा, ०.१ मिलीचा थेंब टोचायचा, मग ७२ तासांनी येऊन परत त्याच जागी मोजायचं. जाडी ४ मिमी किंवा जास्त वाढली असेल तर गाय पॉझिटिव्ह. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कत्तलखाना, तिथे चर्चा नाही. अमेरिकेने हे १९१७ ला देशभर सुरू केलं, मालकाला नुकसानभरपाई दिली, आणि काही दशकांत रोग जवळपास संपवला. युरोपातल्या बऱ्याच देशांनी तेच केलं. ब्रिटनमध्ये आजही दरवर्षी हजारो गायी या एका टेस्टमुळे मारल्या जातात आणि तरी त्यांच्याकडे रोग पूर्ण गेलेला नाही, कारण तिथे बॅजर नावाचा रानटी प्राणीही तो जंतू बाळगून असतो.

हे आपल्याकडे होणार नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूसुद्धा कापायला बंदी आहे. २००९ च्या केंद्राच्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात रोगी जनावराला दयामरण द्यायची तरतूद आहे हे मला माहितीये, पण कुठला पशुवैद्यकीय अधिकारी गावात जाऊन धडधाकट दिसणाऱ्या, दिवसाला वीस लिटर दूध देणाऱ्या गायीला इंजेक्शन देऊन मारेल आणि परत त्या गावात पाय ठेवेल ते मला सांगा. मी इथे कायदा चूक की बरोबर यात जाणारच नाहीये, त्या वादाला वेगळी जागा आहे. मी फक्त एवढं म्हणतोय की जगाने हा रोग ज्या एकाच रस्त्याने संपवला तो रस्ता आपण आपल्या हाताने, विचार करून बंद केलाय, मग दुसरा रस्ता शोधायची जबाबदारीही आपलीच आहे, आणि ती आपण गेली कित्येक वर्षं उचललेली नाही.

सध्या काय होतं? काहीच होत नाही, आणि त्या काहीच न होण्याची किंमत गाय भरते. शेतकरी टेस्ट करत नाही कारण टेस्ट करून करणार काय? पॉझिटिव्ह आली तर गाय मारता येत नाही, दूध डेअरीला घालायची चोरी, गावात बोभाटा, आणि हातात एक रुपया भरपाई नाही. म्हणून ज्याला संशय येतो तो गप्प बसतो, एक दिवस हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, येतो, गाय टेम्पोत चढते आणि सांगोल्याच्या नाहीतर काष्टीच्या बाजारात दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर होते. या रोगात जनावर वर्षानुवर्षं चांगलं दिसतं, खातं, गाभण राहतं, दूध देतं, खोकला आणि हाडं दिसायला लागेपर्यंत तिच्या शेजारी बांधलेल्या किती जणींना तिने दिलाय ते कळायला मार्ग नसतो. बाजारात दात बघतात, कास बघतात, चार सड दाबून बघतात, तिसरं वेत की चौथं ते विचारतात. फुप्फुसात काय आहे ते कुणी बघत नाही, बघताही येत नाही.

२०१८ ला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, देशभरात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या काळात झालेल्या तपासण्या एकत्र करून त्यांनी अंदाज काढला की भारतातल्या साधारण ७.३ टक्के गाई-म्हशींना हा संसर्ग असावा, म्हणजे सुमारे २ कोटी १८ लाख जनावरं. अंदाजच आहे तो, नेमकी मोजणी नाही, कारण मोजणी कुणी केलेलीच नाही. पण एकट्या महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार १ कोटी ४० लाखांच्या आसपास गोवंश आहे, त्यामुळे निम्मा आकडा धरला तरी छाती दडपते. आणि यात एक गोष्ट मला फार खटकते. ज्या वळूंचं सिमेन आपण एआयसाठी, म्हणजे कृत्रिम रेतनासाठी, वापरतो त्या वळूंची टीबीसाठी, जोन्स या आतड्याच्या रोगासाठी, ब्रुसेला या गर्भ पाडणाऱ्या रोगासाठी नियमाने तपासणी होते, पॉझिटिव्ह निघाला तर त्याला बाजूला काढतात. म्हणजे तपासणी कशी करायची, शिस्त कशी पाळायची हे आपल्याला येतं, पण त्या सिमेनची कांडी जिच्या पोटात जाते त्या गायीची तपासणी करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता प्रयोगांकडे येतो. जनावरांना मुद्दाम जंतू देऊन काय होतं ते बघायचं हा प्रकार काही आजचा नाही. १९०१ साली लंडनच्या परिषदेत खुद्द रॉबर्ट कॉखने, ज्याने टीबीचा जंतू शोधला त्याने, सांगून टाकलं की गायीच्या टीबीचा माणसाला फारसा धोका नाही. एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर खरं तर विषय संपला असता. ब्रिटिशांनी तो संपवला नाही, त्याच वर्षी एक रॉयल कमिशन नेमलं, इसेक्समधल्या स्टॅन्स्टेडच्या फार्मवर वासरांना माणसाकडून आलेले आणि गायीकडून आलेले जंतू टोचून दहा वर्षं बघितलं, आणि १९११ च्या शेवटच्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलं की कॉख चुकला, गायीचा टीबी माणसाला होतो, मुलांना तर दुधातून होतो. दूध पाश्चराइझ करून विकायचा आग्रह वाढला त्यामागे हे काम आहे. किती वासरं त्यात गेली असतील, त्याचं वाईट वाटतं, वाटायलाच पाहिजे, पण त्या वासरांमुळे किती पोरं जगली हेही त्याच वहीत मांडायला लागेल.

आणि हा कॉख १८९७ ला आपल्याकडे कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला येऊन गेलेला, तिथल्या सरकारी जनावरांच्या लॅबला भेट द्यायला. ती लॅब मुळात कुठे सुरू झाली माहितीये? पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, डिसेंबर १८८९ ला. नंतर ती कुमाऊंच्या डोंगरात हलवली आणि पुढे तिचीच आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, झाली. जनावरांच्या रोगांचं संशोधन या देशात पुण्यातून सुरू झालं ही गोष्ट आपल्या शाळेतल्या पुस्तकात कुठेतरी असायला हवी होती.

बीसीजी या टीबीच्या लसीची गोष्ट तर अजून जवळची आहे. आपल्या सगळ्यांच्या डाव्या दंडावर जो व्रण आहे, ती लस माणसाच्या टीबीपासून बनवलेली नाही. ती गायीच्या टीबीचा जंतू घेऊन बनवलेली आहे. फ्रान्समध्ये लील गावात काल्मेत आणि गेराँ या दोघांनी १९०८ ला आजारी गायीच्या दुधातून मिळालेला जंतू घेतला, गुरांच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर तो पुन्हा पुन्हा वाढवत राहिले, १३ वर्षांत २३० वेळा, मधे महायुद्ध झालं, गाव जर्मनांनी घेतलं, तरी काम थांबलं नाही, आणि जंतू इतका मवाळ झाला की १९२१ ला तो पहिल्यांदा एका बाळाला दिला. बाळाला द्यायच्या आधी त्यांनी तो वासरांवरच तपासला होता. गायीपासून आलेली लस गेली शंभर वर्षं माणसाच्या लेकरांना मिळतेय आणि गायीच्या लेकराला मात्र अजून मिळत नाही, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

का मिळत नाही, तर दोन कारणं होती. एक म्हणजे बीसीजी दिलेलं वासरू ट्यूबरक्युलिन टेस्टमध्ये पॉझिटिव्ह दिसतं, मग लसवालं कुठलं आणि रोगवालं कुठलं कळणार कसं. ज्या देशांचा सगळा कारभार टेस्ट करा आणि मारा यावर चालतो त्यांना हे परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी जनावरांना बीसीजी द्यायला मनाई केली. आता यावर उपाय निघालाय, डीवा नावाची नवीन त्वचा चाचणी आहे, तिच्यात फक्त तेच प्रोटीन वापरतात जे रोगाच्या जंतूत आहे पण बीसीजीत नाही, त्यामुळे लस घेतलेली गाय निगेटिव्ह आणि खरी लागण झालेली पॉझिटिव्ह असं वेगळं करता येतं. इंग्लंडने २०२१ मध्ये हर्टफर्डशरपासून लस आणि ही चाचणी यांच्या प्रत्यक्ष गोठ्यातल्या ट्रायल्स सुरू केल्या.

दुसरं कारण म्हणजे बीसीजी गायीत नक्की किती काम करते ते खऱ्या गोठ्यात फारसं मोजलेलं नव्हतं. लॅबमध्ये वासराच्या श्वासनळीत जंतू सोडून बघितलेलं होतं, पण ते म्हणजे एका दिवशी एका दमात दिलेला डोस. खऱ्या गोठ्यात तसं होत नाही. तिथे आजारी गाय शेजारी उभी असते, एकाच गव्हाणीत तोंड घालते, एकाच हाळावर पाणी पिते, आणि हे दिवसेंदिवस चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तर लॅबमध्ये सुटतच नाही, की लस दिलेल्या गायीला तरीही लागण झालीच तर ती पुढे दुसरीला किती देते?

हा प्रश्न इथिओपियात सोडवला. २०२४ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये तो प्रयोग आला आणि मला वाटतं भारतासाठी जनावरांच्या रोगावर इतकं उपयोगी काम खूप वर्षांत झालेलं नाही. त्यांनी काय केलं, कुणालाही जंतू टोचला नाही. आधीच नैसर्गिक लागण झालेल्या गायी आणल्या, त्यांच्यासोबत लस दिलेली आणि लस न दिलेली वासरं ठेवली आणि वर्षभर बघितलं की कुणाला लागण होते. मग दुसऱ्या टप्प्यात याच वासरांसोबत नवीन कोरी वासरं ठेवून परत वर्षभर बघितलं, की लसवाल्यांपासून किती पसरतं आणि बिनलसवाल्यांपासून किती. निकाल असा की लसीमुळे स्वतःला लागण व्हायचं प्रमाण ५८ टक्के कमी झालं, ते काही फार भारी नाही, एखादा म्हणेल एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला. पण लस असूनही ज्यांना लागण झाली त्यांच्यापासून पुढे पसरायचं प्रमाण ७४ टक्के कमी झालं. दोन्ही मिळून एकूण परिणाम ८९ टक्के. हा आकडा दुसरा टप्पा केला नसता तर कधीच दिसला नसता, आणि नुसता ५८ बघून बीसीजी परत कपाटात गेली असती.

आता ज्यांना प्रयोग म्हटलं की क्रौर्य आठवतं त्यांच्याशी मला बोलायचंय. तुमचं म्हणणं चूक नाही, प्रयोगाच्या नावाखाली जनावरांचे हाल झालेले आहेत आणि म्हणूनच १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, मोठ्या जनावरांच्या प्रयोगाला कॉलेज पातळीवर परवानगी मिळत नाही, दिल्लीला जावं लागतं. ते तसंच राहिलं पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये हेही म्हटलंय की माणसांचे किंवा जनावरांचे रोग हटवण्यासाठीचे प्रयोग बेकायदा नाहीत. पण कायद्याचं बाजूला ठेवू. इथिओपियासारखा प्रयोग करायचा तर नवीन कुणाला सुई लावून आजारी पाडायचं नाहीये. लागण झालेल्या गायी लागतात, त्या आपल्याकडे आहेतच. आपण त्यांना मारणार नाही, हेही ठरलेलं आहे. मग त्यांना आज आपण कुठे ठेवतो? निरोगी जनावरांच्या दावणीला. त्यापेक्षा त्या मोजून, तपासून, वेगळ्या मोकळ्या शेडमध्ये ठेवल्या, त्यांना चांगलं खायला घातलं, डॉक्टर रोज बघतोय, आणि त्यांच्याजवळ ठरावीक वासरं ठेवली ज्यातल्या निम्म्यांना लस आहे, तर त्या वासरांतली काही आजारी पडतील, हो पडतील, ते मी लपवत नाही. पण आज किती वासरं आजारी पडतायत त्याला तर हिशोबच नाही, आणि त्यांच्या आजारातून कुणाला एक ओळीचं ज्ञानही मिळत नाही.

उलट मी म्हणतो की हा प्रयोग वर्षानुवर्षं चालवता येईल असं ठिकाण जगात कुठे असेल तर ते आपल्याकडेच आहे. टेस्ट करून मारणाऱ्या देशांत पॉझिटिव्ह गाय ओळखली की ती संपली, तिचा पुढचा प्रवास बघायला मिळतच नाही. आपल्याकडे ती दहा वर्षं जगणार. किती वर्षांनी ती जंतू सोडायला लागते, मोठ्या वेतानंतर जास्त सोडते का, उन्हाळ्यात चारा कमी झाला की काय होतं, गाभण असताना काय होतं, हे सगळं शोधायचं आपल्याच हातात आहे. शवविच्छेदनासाठी गाय मारायची गरज नाही, ती तिच्या मरणाने मरेल तेव्हा करा. वेळ लागेल, लागू दे. काल्मेत आणि गेराँला तेरा वर्षं लागली होती.

आणि हे आपल्याकडेच करायला लागेल, इथिओपियाचा आकडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तिकडेसुद्धा होल्स्टीन रक्ताच्या गायींमध्ये टीबी झेबूपेक्षा, म्हणजे वशिंडाच्या गायींपेक्षा, जास्त सापडतो, आणि आपला नगर, पुणे, सोलापूर, कोल्हापूर, सांगलीचा सगळा दूधपट्टा एचएफ, म्हणजे याच होल्स्टीनच्या, संकरितावर चालतो. शिवाय आपले गोठे तीन प्रकारचे. एकाच्या परड्यात दोन गायी खुंट्याला बांधलेल्या, दुसऱ्याचा पत्र्याचा शेड जिथे चाळीस गायी खांद्याला खांदा लावून आणि हिवाळ्यात गारठा नको म्हणून चारी बाजूंनी पोती लावलेली, तिसऱ्याचा मुक्तसंचार जिथे गाय दिवसभर उन्हात फिरते. हवेतून पसरणारा रोग या तीन ठिकाणी एकसारखा पसरेल असं कोण म्हणेल? मुक्तसंचार गोठा चांगला असं सगळे सांगतात, दूध वाढतं, खूर चांगले राहतात, मस्टायटिस, म्हणजे कासेची सूज, कमी होतो, पण टीबी किती कमी होतो याचं उत्तर आकड्यात कुणी देऊ शकेल का? म्हशींचं तर विचारूच नका, मुंबईच्या तबेल्यांत शेकडो म्हशी एका छपराखाली असतात.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो अभ्यासू लोक घेतात. ते म्हणतात, भारतात माणसांचा टीबी माणसाकडून येतो, गायीकडून नाही, मग गायीवर पैसा कशाला. आणि त्यात तथ्य आहे. वेल्लोरला ९४० रुग्णांचे नमुने तपासले, २०२० ला ते प्रसिद्ध झालं, त्यात ज्याला आपण गायीचा टीबी म्हणतो तो मायकोबॅक्टेरियम बोविस एकाही रुग्णात सापडला नाही. पण पुढे वाचा. सात रुग्णांत मायकोबॅक्टेरियम ओरिजिस सापडला, आणि हा ओरिजिस दक्षिण आशियातल्या गुरांमध्ये सापडणारा आहे. म्हणजे इथल्या गायीकडून माणसाला येणारा टीबी कदाचित पुस्तकात लिहिलेल्या जंतूचा नाहीच. सातच रुग्ण म्हणजे एक टक्काही नाही, पण जगातले साधारण चौथा हिस्सा टीबी रुग्ण ज्या देशात आहेत तिथे एक टक्क्याच्या आतला आकडासुद्धा हजारो माणसं असतात. आणि बीसीजी ओरिजिसला गायीत किती अडवते, ओरिजिस एका गायीकडून दुसरीकडे किती वेगाने जातो, हे परदेशातला कुणी शोधून देणार नाहीये, कारण तो त्यांच्याकडचा प्रश्न नाही. आपल्यालाच आपल्या गोठ्यात शोधायला लागेल.

आणि माणसाचं सोडा ना एक मिनिट. गायीला क्षय होतो, तिचं दूध आटतं, ती झिजते, हे पुरेसं कारण का नाही?

प्रयोगातून आलेली लस गावात काय करते ते बघायचं असेल तर ब्रुसेला बघा. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती म्हणून त्या दादांनी नेहमीसारखा कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढली, हातात मोजे नाहीत, हातावर कडब्याच्या ओरखड्या होत्या, नंतर हापशावर हात धुतले साबण न लावता. पडलेलं वासरू बांधाला पुरायचं म्हणून बाजूला ठेवलं तोवर कुत्र्याने वार ओढत नेली. त्यांच्याच गोठ्यातल्या आणखी दोन पुढच्या काही महिन्यांत गाभडल्या. दादांना संध्याकाळचा ताप यायला लागला, अंग घामाने भिजायचं, कंबर धरायची, आणि टायफॉइड म्हणून औषधं चालली ती चाललीच, शेवटी कुणीतरी विचारलं की घरी जनावरं आहेत का. तेवढा एक प्रश्न विचारायला इतके महिने लागले. सहा आठवडे दोन-दोन अँटिबायोटिक घ्यावी लागतात या रोगाला, आणि घेऊनही सांधे बरेच दिवस दुखत राहतात.

यावरची एस-१९ नावाची लस आहे, १९२३ मध्ये एका जर्सी गायीच्या दुधातून मिळालेल्या जंतूपासून बनलेली, आणि ती चालते की नाही हे जगभर ज्या पद्धतीने तपासतात ती म्हणजे लस दिलेल्या गाभण कालवडीच्या डोळ्यात पाचव्या-सहाव्या महिन्यात ब्रुसेलाच्या जंतूंचे थेंब टाकायचे आणि ती गाभडते का ते बघायचं. वाचायला कसंतरी होतं, मलाही झालं. पण त्या कालवडींमुळेच आपल्याला माहिती आहे की ही लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला आयुष्यात एकदाच द्यायची, गाभण गायीला द्यायची नाही. २०१९ ला केंद्राने लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेला यासाठी १३,३४३ कोटींचा कार्यक्रम मथुरेतून सुरू केला, तो याच ज्ञानावर उभा आहे. आपल्या गावात कालवडीच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारून जी फुकट लस देतात ती हीच. लोकांना विनंती आहे की ती चुकवू नका, कालवड आठ महिन्यांची झाली की संधी गेली.

टीबीसाठी तसा कार्यक्रम का नाही? कारण त्याच्या पायाखाली आपल्या मातीतला प्रयोग नाही. आणि आपल्याला जमणार नाही असं तर अजिबात नाही. २०२२ ला लम्पी आला तेव्हा गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, लस काही आठवड्यांत राज्यभर टोचली गेली, मेलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार मदत दिली. नागपूरला पशु विज्ञान विद्यापीठ आहे, परळला १८८६ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, शिरवळला आहे, पुण्यात औंधला घटसर्प आणि फऱ्याच्या लसी बनवणारी सरकारी संस्था आहे, शेजारीच रोग तपासायची लॅब आहे. माणसं आहेत. विद्यार्थी तर पशुसंवर्धन खात्यात भरती निघायची वाट बघत बसलेत.

नाही ते जागा आणि पैसा, आणि त्याहून जास्त म्हणजे हे सांगायची हिंमत. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं आणि गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरवलं. चांगली गोष्ट आहे, भाकड गाय सांभाळणं सोपं नाही. मग त्या ५० रुपयांसोबत एक अट घाला की गोशाळेतल्या प्रत्येक गायीची डीवा चाचणी होणार, सरकारच्या खर्चाने, आणि पॉझिटिव्ह निघालेल्या गायी वेगळ्या आवारात ठेवणार. गोशाळेत कुठून कुठून जनावरं येतात, पकडलेल्या टेम्पोतली, सोडून दिलेली, म्हातारी, आणि सगळी एका आवारात राहतात, हे या रोगाला अगदी सोयीचं आहे. ज्या मोठ्या गोशाळांकडे जमीन आहे त्यांनी विद्यापीठासोबत लसीच्या प्रयोगाला जागा द्यावी. मी काही गोशाळा चालवणाऱ्यांशी बोललोय, त्यांना भीती असते ती देणगीदार काय म्हणतील याची. देणगीदारांना सांगा की तुमच्या पैशातून वासरांना क्षयापासून वाचवायची लस तपासली जातेय. मला नाही वाटत कुणी हात आखडता घेईल.

आणि शेतकऱ्याचं आधी ठरवा. ज्याची गाय पॉझिटिव्ह निघेल त्याचं नाव बाहेर जाणार नाही, दूध पाश्चराइझ होऊनच विकलं जाईल याची खात्री डेअरी घेईल, गाय सरकारने वेगळ्या शेडमध्ये न्यायची तर तिची बाजारभावाने किंमत त्याच्या खात्यात आधी जमा होईल. हे नसेल तर कुठलाही शेतकरी मानेवर सुई लावू देणार नाही, आणि त्याने का लावू द्यावी? ५० रुपयांचं ते अनुदान फक्त देशी गायीला आहे, ज्या संकरित एचएफला हा रोग जास्त धरतो ती त्यात बसतच नाही, आणि ५० रुपयांत तिचा दिवसाचा सुका चारासुद्धा येत नाही, हिरवा आणि खुराक तर लांबच. पुढच्या अर्थसंकल्पात पशुसंवर्धनाच्या खात्याखाली या गायींसाठी वेगळी ओळ पाहिजे, आणि आमदारांना दूध दराच्या आंदोलनात जसं घेरतो तसं यासाठीही घेरलं पाहिजे.